निळ्या झाकणाचा कॅन

तीस वर्षं मी उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडायचा, नजर रंगावर ठेवायची, रंग पालटला की हात आवरायचा. जो घाई करेल त्याचे मार्क मी निर्दयपणे कापत असे. त्यामुळे सूनबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली आणि तिची समुद्राच्या पाण्याची टाकी मागे कोण सांभाळणार असा प्रश्न जेवणाच्या टेबलावर आला, तेव्हा मी घास चावता चावताच हात वर केला.

"तुम्हाला जमेल, बाबा?" सूनबाई म्हणाली.

"अगं बेटा, पाणीच आहे ना शेवटी? तीस वर्षं पाण्याचंच खाल्लंय मी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मला आणखी भात वाढला. ही तिची जुनी पद्धत आहे. मी काही मोठं बोललो की ती वाढते.

टाकीबद्दल आधी सांगायला हवं. आमचं घर बऱ्हाणपूरला, लालबागेत. समुद्र आमच्यापासून इतका लांब की खारं पाणी म्हणजे आमच्याकडे एक तर डोळ्यांतलं, नाही तर लोणच्यातलं. सूनबाई मालवणची. मुलाचं आणि तिचं पुण्यात शिकताना जमलं, लग्न झालं, आणि वर्षभरात मुलाची नोकरी इंदूरला लागली. तो सोमवारी जातो, शनिवारी येतो. ती घरून काम करते, म्हणून ती आमच्याकडे राहिली. आमच्या घरात मासा ताटात येत नाही. तो तिने काचेत आणला.

चार फुटांची टाकी. तळाशी पांढरी वाळू, मधे सच्छिद्र दगड, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी, काही गोगलगायी, आणि मधल्या दगडावर तिची छत्री. छत्री म्हणजे मऊ प्रवाळ. कडक प्रवाळ घरी ठेवायला कायद्याची बंदी आहे, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मी पोलिसांचा विषय काढला होता म्हणून. हा मऊ जातीचा, मैत्रिणीच्या टाकीतून आणलेला वाटीएवढा तुकडा. दिसायला अळंब्यासारखा, पण वरच्या टोपीवर शेकडो बारीक बोटं. पाणी मानवलं की ती बोटं बाहेर काढून डोलतो. नाही मानवलं की सगळी आत ओढून, उकडलेल्या बटाट्यासारखा तोंड फिरवून बसतो.

आमच्याकडे आल्यावर दोन महिने तो तसाच बसला होता, आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून सूनबाईही. मराठी तिची नि आमची एकच म्हणायची, पण बायकोचं "मले", "कायले" आणि मधूनच येणारं हिंदी ऐकून ती बिचारी हसायचं की उत्तर द्यायचं या विचारात पडे. मग एका संध्याकाळी ती फोनवर आईला सांगताना मी ऐकलं. "आई गो, छत्री उघडली. आता माझंही जमेल इथे."

हे मी कुणाला सांगितलं नाही. चोरून ऐकलेलं सांगायचं कसं? पण त्या दिवसापासून मी त्या बटाट्याला मान देऊ लागलो. दोन वर्षांत आम्ही तिच्यात आणि ती आमच्यात जरा मुरलो. छत्रीही ताटलीएवढी झाली. पण घरात खास तिची म्हणावी अशी वस्तू अजून ती एकच होती.

निघताना तिने मला एक वही दिली. खारेपणा कसा मोजायचा, माशांना किती खायला घालायचं, दर पंधरा दिवसांनी किती पाणी बदलायचं, सगळं क्रमवार. त्यात एक ओळ चौकट करून: 'उन्हाने आटेल तेवढं पाणी रोज भरायचं. फक्त निळ्या झाकणाच्या कॅनमधलं, आरओचं. नळाचा एक थेंब नाही.'

पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची, आणि तेही शुद्ध. हे मला तिने समजावायची गरज नव्हती. मीच तिला दहा मिनिटं समजावलं. तिने ऐकून घेतलं. रिक्षात बसताना म्हणाली, "बाबा, बाकी इकडचं तिकडे झालं तरी चालेल. छत्री तेवढी सांभाळा."

"तू येशील तेव्हा छत्रीची ताडपत्री झालेली असेल," मी म्हटलं.

वैशाख लागला. आमच्याकडचा वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं! दुपारी केळीच्या बागासुद्धा पानं मिटून घेतात. टाकीचं पाणी तापू नये म्हणून सूनबाईने दिवाणखान्यात एसी लावून घेतला होता. आमच्यासाठी आम्ही कधी लावला नसता. माशांच्या कृपेने आम्ही दोघं दुपारभर तिथे पाय पसरून बसायचो, आणि शेजारपाजारचेही "मासे कसे आहेत?" म्हणत यायचे ते चहा झाल्याशिवाय उठायचे नाहीत.

पाणी मात्र आटायचं. वर बसवलेले दोन छोटे पंखे आणि बाहेरचं ऊन मिळून रोजचे चार-पाच लिटर खात. निळ्या झाकणाचा कॅन सूनबाई टाकीच्या खालच्या कपाटात ठेवायची. तिथून वाकून काढताना माझा गुडघा पहिल्याच आठवड्यात बोलू लागला. मी कॅन उचलला आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या ओट्यावर, माठ नि पिंपाच्या रांगेत ठेवला. आरओचा नळ शेजारीच. संध्याकाळी मी कॅन भरून ठेवायचो, सकाळी पूजा आटोपून नऊ वाजता टाकीत भर घालायचो. वाकायला नको, चालायला नको. या व्यवस्थेचं मी स्वतःशी फार कौतुक केलं.

आठवड्यातून एकदा पाण्याची क्षारता मोजायची होती. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं आणि बाटलीतलं औषध थेंब थेंब टाकायचं. निळ्याचं पिवळं होईपर्यंत जितके थेंब, तितका आकडा. आठ-नऊ यायला हवेत. म्हणजे माझं टायट्रेशनच! पहिल्या आठवड्यात आठ आले. दुसऱ्या आठवड्यात दहा. मी वहीत 'दहा (थेंब मोठा पडला असावा)' असं लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात बारा. चौथ्यात चौदा.

छत्रीने बोटं आत घेतली होती. आधी कडेची, मग सगळी. टोपी लवली आणि बटाटा परत आला. पाणी गरम ठेवायचा दांडा थंडीसाठी असतो, तो कोपऱ्यात निपचित होता. त्याच्यावर आणि पंपावर पांढरा कठीण थर चढला. तळाची वाळू जमून खडीसाखरेसारखे खडे झाले. खारेपणा बरोबर. तापमान बरोबर. मासे ठीक. क्षारता तेवढी चढतेय, आणि कुठून चढतेय ते कळत नव्हतं.

मी संशयितांची यादी केली. पहिला नंबर औषधाच्या बाटलीचा. नवी मागवली, तिनेही चौदाच दिले. दुसरा, पाणी बदलताना कालवायच्या समुद्री मिठाच्या बादलीचा. तिसरा नंबर बायकोच्या धुपाचा.

"माझा धूप?" ती म्हणाली. "दोन वर्षं झाले मी इथं धूप फिरवते, तवा नाही काही झालं त्या छत्रीला?"

"तेव्हा सूनबाई होती."

"हां, मंग हेच पहा ना जी. तेव्हा सूनबाई होती नि आता तुम्ही आहात. फरक काय झाला?"

मी यादीतून धूप काढला.

संध्याकाळी सूनबाईचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी तब्येत, मग "बाबा, टाकी दाखवा ना." आठवा सरून नववा लागला होता, तिचं बीपी थोडं वाढलं होतं, आणि मुलाने इंदूरहून बजावलं होतं की तिला कसलंही टेन्शन द्यायचं नाही. म्हणून मी मासे दाखवायचो. डावा मासा, उजवा मासा, गोगलगाय. फोन मधल्या दगडाकडे वळला की माझा अंगठा नेमका कॅमेऱ्यावर यायचा.

"छत्री दिसत नाही, बाबा."

"नेटवर्क, बेटा. लालबागेत आजकाल फार वाईट आहे."

फोन ठेवल्यावर बायको म्हणायची, "तोंडावर खोटं साफ दिसत होतं तुमच्या." मी म्हणायचो की कॅमेरा टाकीकडे होता. ती म्हणायची, "मी माझं सांगतेय. मले दिसत होतं."

मग मी ती गोष्ट केली. आजही कुणी विचारलं तर मी विषय बदलतो, पण इथे लिहायचंच आहे. क्षार वाढलाय, तर आम्ल टाका. आठवीतलं पोरही हेच सांगेल. घरात आम्ल कोणतं? कांद्यावर घालायचं व्हिनेगर. मी तीस वर्षांच्या अनुभवाने हिशेब करून अर्धी बाटली टाकीत ओतली. तासाभराने थेंब मोजले. तेरा! मी इतका खूश झालो की बायकोला हाक मारून दाखवलं. तिने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "जेवायला या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिवाणखान्यात आलो तर टाकीत दूध. खरोखर दूध, पलीकडची भिंत दिसत नव्हती. माझ्या हिशेबात एक गोष्ट राहिली होती. टाकीत आपल्याला न दिसणारे कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि व्हिनेगर म्हणजे त्यांना लग्नाची पंगत. ते रात्रीतून इतके वाढले की पाण्यातला प्राणवायू त्यांनीच संपवला. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकत होते.

मी काय केलं? मी वही उघडली. टाकीत दूध झालं तर काय करावं हे पान शोधत बसलो. तिने ते लिहिलंच नव्हतं, कारण इतकं कोणी करेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात ताकाची मोठी रवी आणि स्टीलचा लोटा.

"सरका."

"अगं, काय करतेस?"

"त्यायले हवा पाहिजे ना? सरका म्हणते ना!"

तिने पदर खोचला, रवी धुऊन घेतली आणि टाकीच्या एका कोपऱ्यात वरचं पाणी घुसळायला लागली. दमली की लोट्याने पाणी घेऊन हातभर उंचावरून परत सोडायची, आपण चहा निववतो तसं. मग पुन्हा रवी. मला तिने लोट्यावर लावलं. तिन्हीसांजेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने समुद्र घुसळत होतो. शेजारची बाई मासे पाहायला आली ती दारातच थांबली.

"काय करून राहिले, मास्तर?"

"ताक," बायको म्हणाली.

मासे वाचले. दिवेलागणीला ते खाली उतरून पोहायला लागले आणि मी पहिल्यांदा खुर्चीत टेकलो. हात इतके भरून आले होते की चहाचा कप बायकोने तोंडाशी धरला. मग ती म्हणाली, "तो पाण्याच्या जारवाला आहे ना, तुमचा विद्यार्थी, त्याले बोलवा. पाण्याचं त्यालेच समजतं."

तो माझा विद्यार्थी खरा. प्रात्यक्षिकाला मी त्याला तीसपैकी नऊ दिले होते. ब्युरेट वाचता येत नाही म्हणून. आता त्याचा आरओचा प्लांट आहे, अर्ध्या लालबागेला तो जार पुरवतो, डोक्यावरचे केस गेलेत आणि पोट पुढे आलंय. मला त्याला बोलवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो आला, कारण फोन बायकोने केला होता.

माझी सगळी हकीगत त्याने उभ्यानेच ऐकली. थर्मामीटरसारखं एक पेन खिशातून काढलं. हे पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार विरघळलेत तो आकडा दिसतो. "सर, बुरा नका मानू, पण भर कोणत्या पाण्याची घालता?"

"आरओच्या. रोज. माझ्या हाताने भरतो मी कॅन."

त्याने ओट्यावरच्या निळ्या झाकणाच्या कॅनमध्ये पेन बुडवलं. सातशेच्या वर. त्याने पेन झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. तेवढेच. मग आरओचा नळ सोडून त्याखाली धरलं. तीस.

"सर, हे आरओचं नाही. हे आपलं लालबागचं अस्सल आहे."

लालबागच्या पाण्याचं आम्हाला कौतुक आहे. जुन्या कुंड्यांच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या मोगलकालीन विहिरींच्या, भिंतींवर चुन्याचे थर जमलेले दाखवायला आम्ही पाहुण्यांना घेऊन जातो. असं पाणी पिऊन आमची हाडं मजबूत झाली म्हणतो. त्या पाण्यात डाळ शिजत नाही ही गोष्ट वेगळी. पण ते माझ्या कॅनमध्ये आलं कसं? काल संध्याकाळी मी स्वतः आरओचा नळ लावून कॅन भरला होता.

मी बायकोकडे वळलो. ती पोळ्या लाटत होती.

"या कॅनला तू हात लावलास?"

"रोजच लावते."

"म्हणजे?"

"सकाळी सहाला नळ येतो. ओट्यावरचं शिळं पाणी काढायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. माठ, पिंप, कळशी, तुमचा कॅन."

"आणि त्यातलं पाणी?"

"फेकते का मी? बेडरूमच्या कूलरमध्ये टाकते."

विद्यार्थी पेन घेऊन आत गेला. कूलरच्या टाकीत त्याने पेन बुडवलं आणि बाहेर येऊन, वर्गात उत्तर सापडलेल्या पोराच्या आवाजात म्हणाला, "सर, चाळीस! तुमचा कूलर आरओ पितोय आणि मासे नळाचं!"

दरवर्षी वैशाखात आमच्या कूलरची जाळी चुन्याने पांढरी होते. यंदा ती स्वच्छ होती. मी पंधरा दिवसांपूर्वी त्याबद्दल नव्या वाळ्याची तारीफ केली होती, आणि वाळा मी निवडला म्हणून माझीही.

माझा आवाज चढला. "अगं, पण विचारायचंस तरी! आरओचं पाणी शिळं होतं का? एका रात्रीत?"

बायकोने लाटणं ठेवलं नाही. नुसतं लाटण्याच्या टोकाने ओट्यावरच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत काविळीची साथ आली होती, तेव्हा घरातल्यांना शिस्त लागावी म्हणून मी तो लावला. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता, त्यामुळे तो मला दिसायचा बंद झाला होता. विद्यार्थ्याने मान वर करून मोठ्याने वाचला:

"'ओट्यावरील सर्व शिळे पाणी रोज सकाळी काढून टाकावे व ताजे भरावे. अपवाद नाही.'" मग कागदाजवळ जाऊन, "सर, 'अपवाद नाही'च्या खाली दोन रेघा आहेत."

"लाल शाईच्या," बायको म्हणाली. "खाली सही पण आहे पहा. टाकीखाली होता तोपर्यंत मी त्या कॅनला बोटसुद्धा लावलं नाही. ओट्यावर कोणी आणला?"

मी म्हटलं, "चहा टाक."

खरं सांगू का, त्या चहाइतका गोड चहा मी क्वचित प्यालो असेन. चूक माझी निघाली होती, ती माझ्याच अक्षरात भिंतीवर टांगलेली होती, माझा नापास विद्यार्थी ती वाचून दाखवत होता; आणि तरी छातीवरून धोंडा उतरावा तसं झालं. कारण सापडलं होतं. रोज चार-पाच लिटर चुन्याचं पाणी! क्षारता चढणार नाही तर काय होणार? तीस वर्षं जे फळ्यावर लिहिलं ते महिनाभर माझ्या दिवाणखान्यात घडत होतं.

"आता सगळं पाणी एकदम बदलू," मी उठत म्हणालो.

"नाही सर," तो म्हणाला. "एकदम नाही. थोडं थोडं. तुम्हीच शिकवलं होतं ना, घाई केली की मार्क कटतात?"

त्याने आपल्या प्लांटचे जार पाठवले. सूनबाईच्या बादलीतलं मीठ मोजून कालवायचं, दर तिसऱ्या दिवशी दोन बादल्या जुनं काढून दोन बादल्या नवं. कॅन परत टाकीखालच्या कपाटात गेला आणि माझा गुडघा निमूटपणे वाकायला लागला. चौदाचे तेरा झाले, तेराचे बारा. अकराला आलो त्या सकाळी पाहिलं तर छत्रीच्या अंगावर मेणासारखा एक पातळ, मळकट पापुद्रा आला होता आणि कडेने सुटत होता.

मी समजलो. सडली. पाणी सुधारलं, पण तिला उशीर झाला.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने पदराने काच पुसून पाहिलं. मग म्हणाली, "तिले सांगा जी आता. ती येऊन रिकामा दगड पाहील त्यापेक्षा आज ऐकलेलं बरं."

"तिचं बीपी?"

"दोन वर्षं झाले ती आपल्या घरात आहे. काचेची आहे का ती? खोटं बोलून तुमचंच बीपी वाढलं."

मी फोन लावला. सूनबाई गादीवर तक्क्याला टेकून बसली होती. मी टाकीकडे पाहत, तिच्याकडे न पाहता, सगळं सांगितलं. गुडघा, ओटा, कागद, कूलर. व्हिनेगर सांगताना आवाज जरा खाली गेला.

"काय? काय टाकलं?"

"व्हिनेगर."

"बाबा!"

"अर्धी बाटली."

"बाबा!!" पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, काय झालं गो, म्हणून. ती म्हणाली, "थांब गो आई, सांगते." मग मला, "आता छत्री दाखवा."

"बेटा, ती..."

"दाखवा, बाबा. दोन आठवडे मी तुमचा अंगठाच बघतेय."

मी फोन काचेला लावला. पलीकडे ती बघत होती, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग हसण्याचा आवाज आला. आधी तिचा, मग तिच्या आईचा.

"अहो बाबा, मेली नाही ती. कात टाकतेय! पाणी बिघडलं की बसते अशी रुसून, मग सुधारलं की ते कातडं टाकते. पंपाचा झोत जरा तिच्याकडे वळवा. निघून जाईल ते. आणि ओढू नका हं हाताने."

मी हात खिशात घातला. ओढायचा विचार सकाळपासून दोनदा केला होता.

"खरंच?"

"खरंच. क्षारता किती आली?"

"अकरा."

"मग झालं. तशीच हळूहळू आणा आठ-नऊवर." मग म्हणाली, "मला वाटलं होतं गेली. तुम्ही दाखवतच नव्हता ना. मी मनाची तयारी करून ठेवली होती. बरं केलंत फोन केलात ते."

बायकोने माझ्या हातून फोन घेतला. तिघी मिळून माझ्याबद्दल बराच वेळ बोलल्या. मी पंप वळवला आणि टाकीसमोरच्या स्टुलावर बसून राहिलो. सूनबाई ज्या स्टुलावर बसायची, तेच ते.

पापुद्रा दोन दिवसांत सुटून गाळणीत अडकला. त्यानंतर आठवडा गेला. मग एका सकाळी पूजेच्या आधी सहज पाहिलं तर टोपीच्या एका बाजूला आठ-दहा बोटं बाहेर. मी ओरडलो, बायको कणकेच्या हातांनी धावत आली. सगळी उघडायला आषाढ उजाडला. तोवर तिकडे नात झाली होती, आणि फोनवर छत्री दाखवायला मला माणसं दोन होती, आणि मी अंगठा कुठेही न लावता दोघींना दाखवत होतो.

पोळ्यानंतर ती आली. बायकोने दारात भाकरतुकडा ओवाळला आणि बाळ आपल्याकडे घेतलं. सूनबाई चपला काढून सरळ टाकीपाशी गेली. मी मागे उभा राहिलो, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा.

"एका बाजूने बारीक झालीय," ती म्हणाली.

"हो."

"पण सगळी उघडलीय." तिने काचेवर बोट टेकवलं, आणि मग आत जाऊन हातपाय धुतले, बॅगा उघडल्या, माझ्यासाठी आणलेली कोकमं कुठे ठेवायची ते बायकोला विचारलं. घर तिचंच असल्यासारखं, कपाटं उघडून.

पुढच्या महिन्यात तिला नि मुलाला बाळाला घेऊन चार दिवस इंदूरला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने ती वही काढली. मी चष्मा लावून तयार बसलो होतो. ती माझ्यासमोरून पुढे गेली आणि वही बायकोच्या हातात दिली.

"आई, छत्री तुमच्याकडे."

"मले कुठं येतं ते थेंबबिंब?"

"आठ-नऊ मोजायचे फक्त. तुम्हाला रवी सुचली ना, तुम्हाला सगळं येतं." मग माझ्याकडे वळून, हसू दाबत, "बाबा, तुम्ही कॅन काढून द्या फक्त. जड असतो."

बायकोने वही पदराला पुसून फ्रिजवर ठेवली. मी चष्मा काढला. वाईट वाटायला हवं होतं, पण मला वाटलं नाही. चारही दिवस मी नऊ वाजता गुडघा वाकवून कॅन बाहेर काढला, तिच्या हाताशी ठेवला, आणि एसीच्या झोतात पाय पसरून तिचे थेंब ऐकत बसलो. आठवड्यातून एकदा पुरे, पण ती रोज मोजते, मोठ्याने. सात, आठ... आणि थांबते.